मंडपातील अनोळखी वधू : ‘सुरेखाहरण’ (१९२१) आणि मूकपटातील वेषांतराचा विचार

प्रास्ताविक

मराठी माणसांनी घडविलेल्या मूकपटांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने पौराणिक भक्तिपट, ऐतिहासिक शौर्यपट आणि ‘सावकारी पाश’ (१९२५) यासारखे सामाजिक वास्तव मांडणारे चित्रपट यांच्याकडे गेलेले दिसते. या काळात प्रणय आणि विनोद यांचे मिश्रण असलेले कथानक नव्हते असे नाही. परंतु ते ‘पौराणिक’ या मोठ्या नावाखाली झाकले गेले. देवदेवतांचा आणि महाभारतातील वीरांचा वावर असलेला चित्रपट म्हणजे भक्तिपटच, अशी समजूत दृढ झाल्यामुळे त्यातील हास्याची वेगळी चिकित्सा करण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूर येथील महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सुरेखाहरण’ (१९२१) हा मूकपट या दृष्टीने महत्त्वाचा आहे. व्ही. शांताराम यांनी पडद्यावर प्रथम पाऊल ठेवले ते याच चित्रपटात, म्हणून चित्रपटाच्या इतिहासात त्याचा उल्लेख येतो आणि तेथेच संपतो. वास्तविक या चित्रपटाची कथा ही वेषांतर, चुकीची ओळख आणि प्रेमिकांचे मीलन या तीन सूत्रांवर उभी असलेली शुद्ध प्रणयविनोदी कथा आहे. चित्रपट आज पाहावयास मिळत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा कथाबंध, त्याच कंपनीचा आधीचा ‘सैरंध्री’ (१९२०), दादासाहेब फाळके यांचे मूकपट आणि याच कथेचे पुढील काळातील चित्रपटरूप यांच्या आधारे विवेचन केले आहे. वेषांतराच्या या विनोदात चूक डोळ्यांची नसून पाहण्याच्या सामाजिक सवयीची आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

कथाबंध आणि ‘हरण’ परंपरा

बलरामाची कन्या महाराष्ट्रात वत्सला, सुरेखा या नावांनी, तर आंध्रात शशिरेखा या नावाने ओळखली जाते. ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही. ती लोकपरंपरेने निर्माण केलेली आहे. सुभद्रेचा पुत्र अभिमन्यू याच्याशी तिचा विवाह ठरलेला असतो. पांडव द्यूतात सर्वस्व गमावून वनवासाला जातात आणि बलरामाचे मन पालटते. राज्यहीन पित्याच्या मुलाऐवजी दुर्योधनाचा पुत्र लक्ष्मण हा वर म्हणून निश्चित होतो. श्रीकृष्णाच्या संमतीने भीमपुत्र घटोत्कच निद्रिस्त वधूला उचलून अभिमन्यूकडे पोहोचवितो आणि तिचे रूप घेऊन स्वतः तिच्या जागी येतो. कौरवांचे वऱ्हाड येते, मायेने उभारलेल्या नगरीत त्याचा पाहुणचार होतो आणि मंडपात नवरदेवाच्या शेजारी एक राक्षस वधूच्या वेषात बसतो. कथेच्या अनेक रूपांत पाणिग्रहणाच्या वेळी नवरदेवाचा हात पिळवटून निघतो, तो कळवळतो आणि वऱ्हाडी मात्र वधूच्या लावण्याचे कौतुक करीत राहतात. हास्याचे केंद्र हेच आहे.

ही कथा एकटी उभी नाही. विदर्भातील वाचकाला ‘हरण’ ही कल्पना परकी नाही. वर्धा नदीच्या काठावरील कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि रुक्मिणीहरणाची कथा येथील लोकमानसात रुजलेली आहे. रुक्मिणीचा विवाह तिचा भाऊ रुक्मी शिशुपालाशी ठरवितो. सुभद्रेचा विवाह तिचा भाऊ बलराम दुर्योधनाशी ठरवितो. सुरेखेचा विवाह तिचा पिता बलरामच दुर्योधनाच्या मुलाशी ठरवितो. एका पिढीपूर्वी बहिणीच्या बाबतीत झालेली चूक बलराम मुलीच्या बाबतीत पुन्हा करतो, हा या कथेतील अबोल उपरोध लक्षणीय आहे. तिन्ही कथांत ‘हरण’ या शब्दाचा अर्थ पळवून नेणे असा असला तरी प्रत्यक्षात तो मुलीच्या पसंतीच्या विवाहाला समाजाने दिलेला एक सन्माननीय आडपडदा आहे.

मात्र या तीन कथांत वेषांतराचे स्थान बदलत जाते. रुक्मिणीच्या कथेत वेषांतर नाही. ती स्वतः निरोप पाठविते, श्रीकृष्ण उघडपणे येतो आणि तिला रथात घेऊन जातो. सुभद्रेच्या कथेत वेषांतर वराच्या वाट्याला येते. अर्जुन यतीचा वेष घेऊन राहतो आणि सुभद्रा त्याला ओळखत नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत सौभद्र’ (१८८२) नाटकाने याच प्रसंगातून मराठी रंगभूमीवरील प्रणयविनोदाचा आदर्श उभा केला. सुरेखेच्या कथेत मात्र वेषांतर वधूच्या जागेवर येऊन बसते. येथे वर बदलत नाही, वधू बदलली जाते. आणि तिच्या जागी दुसरेच कोणी बसले आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘वधू’ हे एक व्यक्तिमत्त्व नसून ती एक रिकामी जागा आहे, शालू आणि दागिने घालून कोणीही ती भरू शकतो, हे या कथेने नकळत सांगून टाकले आहे.

‘सैरंध्री’ आणि ‘सुरेखाहरण’ : एक युक्ती, दोन परिणाम

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या पहिल्याच महत्त्वाच्या चित्रपटाशी तुलना केली असता ‘सुरेखाहरण’चे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. ‘सैरंध्री’ हा अज्ञातवासावरील चित्रपट आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकामुळे हे कथानक मराठी प्रेक्षकांच्या पूर्ण परिचयाचे होते. त्या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला पाहिले आणि इंग्रज सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. हा बंदीचा इतिहासही ओळखीच्या खेळाचाच एक प्रकार होता. पौराणिक वेषातील पात्र प्रेक्षकांनी अचूक ओळखले आणि नंतर सरकारनेही.

अज्ञातवासाच्या कथेत सर्वच पात्रे वेषांतरित आहेत. युधिष्ठिर कंक आहे, भीम बल्लव आहे, अर्जुन बृहन्नडा आहे आणि द्रौपदी सैरंध्री आहे. कथेचा कळस नर्तनागारातील अंधारात घडतो. कीचक ज्या शय्येवर सैरंध्री आहे असे समजून जातो, तेथे भीम असतो. म्हणजेच स्त्रीच्या जागी पुरुष, प्रेमिकेच्या जागी योद्धा, ही युक्ती ‘सुरेखाहरण’मध्ये जशी आहे तशीच येथेही आहे. दोन्ही ठिकाणी हा पुरुष भीमाच्याच घरातील, एकदा स्वतः भीम आणि एकदा त्याचा पुत्र. कंपनीने लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच युक्तीची दोन रूपे पडद्यावर आणली. पहिल्याचा शेवट वधात होतो. दुसऱ्याचा शेवट हशात होतो. पहिल्यातील भीमाने केलेल्या कीचकवधाचे दृश्य इतके प्रत्ययकारी झाले की परीक्षण मंडळाला ते कापावे लागले. दुसऱ्यातील बळी केवळ नवरदेवाची प्रतिष्ठा हा आहे.

दोन्ही चुकांमागील कारण पाहण्यासारखे आहे. कीचकाला सैरंध्री दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीला तिचे शरीर तेवढे दिसते. लक्ष्मणाला सुरेखा दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीला बलरामाचे घराणे तेवढे दिसते. एकाची वासना आणि दुसऱ्याचा अहंकार यांनी डोळ्यांवर झापड आणलेली आहे. अंधार नर्तनागारात आहे. लग्नमंडपात तर लख्ख उजेड आहे. तरीही चूक तीच होते.

परंतु येथेच एक अडचणीचा मुद्दा उपस्थित होतो. अज्ञातवासाच्या कथेत ही योजना द्रौपदीच्या पुढाकाराने आकाराला येते. ती रात्री भीमाकडे जाते, त्याला जागे करते आणि कीचकाला ठरलेल्या जागी बोलाविते. सुरेखेच्या कथेत मात्र नायिका निजलेली आहे. तिच्या निद्रेत तिला उचलले जाते, तिच्या गैरहजेरीत तिचे रूप वापरले जाते आणि तिच्या अनुपस्थितीत तिचे लग्न मोडले जाते. तिचे प्रेम यशस्वी होते, पण त्या यशाचे कर्तृत्व श्रीकृष्ण आणि घटोत्कच या सामर्थ्यवान आप्तांकडे जाते. करुण-रौद्र कथेने स्त्रीला जे दिले ते विनोदी कथेने दिले नाही, असे येथे म्हणावे लागते. हास्य हे बंधनमुक्तीचे साधन असते, या सर्वमान्य विधानाला ही कथा मर्यादा घालते.

स्त्रीपार्ट : न ओळखण्याचा करार

वेषांतराचा विनोद पडद्यावर कसा उमटतो, हे समजण्यासाठी त्या काळच्या अभिनयपद्धतीचा विचार अपरिहार्य आहे. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये तर साळुंके यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच चेहऱ्याची व्यक्ती पती आणि पत्नी म्हणून प्रेक्षकांनी स्वीकारली. ‘संगीत सौभद्र’च्या रंगभूमीवर भाऊराव कोल्हटकर यांची सुभद्रा याच प्रकारे स्वीकारली गेली होती. पदराखाली पुरुष आहे हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते. परंतु ते न पाहण्याचा एक करार नट आणि प्रेक्षक यांच्यात झालेला असतो.

या करारामुळे विनोदी वेषांतरापुढे पेच निर्माण होतो. जेथे प्रत्येक स्त्री ही पुरुषच असते, तेथे स्त्रीच्या वेषातील पुरुष वेगळा कसा ओळखायचा? सोंग हे सोंग म्हणून ओळखू येण्यासाठी शेजारी मूळ रूप असावे लागते. पूर्व विदर्भातील खडी गंमत या लोकनाट्यप्रकारात नाच्याने हा पेच आपल्या पद्धतीने सोडविला. तेथे पुरुष स्त्रीवेष घेतो, पण तो पुरुष आहे ही जाणीव मिटू देत नाही आणि त्या दुहेरी जाणिवेवरच गंमत उभी राहते. फाळके यांच्या साळुंकेंची तारामती याच्या नेमकी उलट दिशेने जाते. तेथे पुरुषपण विसरले जाणे हीच अभिनयाची सिद्धी आहे.

या पार्श्वभूमीवर एक विलक्षण योगायोग नोंदविणे आवश्यक आहे. फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) मध्ये दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची कन्या कमलाबाई, ज्या पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखल्या गेल्या, यांनी मोहिनीची भूमिका केली. भारतीय चित्रपटात स्त्रीने स्त्रीभूमिका केल्याचे हे आरंभीचे उदाहरण म्हणून गौरविले जाते. परंतु मोहिनी ही स्त्री नाही. ती भस्मासुराला फसविण्यासाठी विष्णूने घेतलेले स्त्रीरूप आहे. म्हणजेच पडद्यावर प्रथम अवतरलेल्या तरुण अभिनेत्रीच्या वाट्याला जी भूमिका आली ती स्त्रीवेषातील पुरुषाची होती. स्त्रीपार्टीच्या परंपरेचे हे पूर्ण वर्तुळ आहे. पुरुषाने स्त्री व्हावे या प्रथेला उत्तर म्हणून आलेली स्त्री स्वतः पुरुषाचे सोंग ठरली.

मूक माध्यम आणि रूपबदल

रंगभूमीवर वेषांतर सांभाळले जाते ते बोलण्याने. अर्जुन यतीच्या वेषात असला तरी त्याचे स्वगत आणि पदे प्रेक्षकांना विश्वासात घेतात. मूकपटाला स्वगत नाही. शीर्षकपट्ट्या मोजक्याच असतात आणि त्यांवर विनोदाचा भार टाकल्यास दृश्य थांबते. त्यामुळे खरे आणि खोटे यांतील भेद चालण्यातून, बसण्यातून, हाताच्या पकडीतून आणि डोळ्यांतूनच दाखवावा लागतो. ही माध्यमाची मर्यादा वेषांतराच्या कथेसाठी बळ ठरते. लग्नमंडपातील मंडळी जे पाहूनही पाहत नाहीत, तेच प्रेक्षकाला केवळ पाहून कळते. प्रेक्षक आणि वऱ्हाडी यांच्या समोर एकच दृश्य असते. भेद पाहण्याच्या पद्धतीत असतो.

त्याखेरीज चित्रपटाला रंगभूमीकडे नसलेली एक युक्ती उपलब्ध होती. कॅमेरा थांबवून पात्र बदलणे किंवा एका प्रतिमेत दुसरी विरघळविणे यांमुळे प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत एक व्यक्ती दुसरी होऊ शकते. फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) च्या आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी प्रथम स्वतःच्या रूपात चेहऱ्यावरील विविध भाव दाखविते आणि नंतर कृष्णाच्या वेषात प्रकट होते. मुलगी आणि कृष्ण यांतील अंतर चित्रपट लपवीत नाही; उलट ते दाखवूनच तो कथेला सुरुवात करतो. सोंग उघड करूनही त्यावरील विश्वास टिकविता येतो, हा धडा या आरंभाने घालून दिला.

घटोत्कचाचे वधूरूप दाखविण्याचे तत्त्वतः दोन मार्ग संभवतात. धिप्पाड नटालाच शालू नेसविणे हा पहिला मार्ग आहे. त्यात हशा सहज मिळतो, पण वऱ्हाडी निव्वळ मूर्ख ठरतात. नायिकेचे काम करणाऱ्या अभिनेत्रीनेच राक्षसाचा वावर अंगी आणणे हा दुसरा मार्ग आहे. त्यात चेहरा खरोखर सुरेखेचा असल्यामुळे फसगत पटते आणि विनोद अभिनयातून निर्माण होतो. याच कथेवरील के. व्ही. रेड्डी यांच्या तेलुगू ‘मायाबाजार’ (१९५७) मध्ये हा दुसरा मार्ग स्वीकारलेला आहे. घटोत्कचाची भूमिका एस. व्ही. रंगाराव यांची आहे, परंतु त्याने शशिरेखेचे रूप घेतल्यानंतर पडद्यावर सावित्री दिसते आणि ती रंगाराव यांची मर्दानी ऐट आपल्या नाजूक देहात आणते. या प्रसंगांत नायिकेला प्रथमच संपूर्ण मोकळीक मिळते. ती डोळे वटारते, ऐसपैस बसते, नवरदेवाला घाबरविते. जी सुरेखा कथेत निजलेली होती, ती अभिनेत्रीच्या रूपाने जागी होते. कथेने नाकारलेले कर्तृत्व अभिनयाने परत मिळविले, असे या चित्रपटाबाबत म्हणता येते. मात्र त्यासाठी तिला राक्षसाचे निमित्त घ्यावे लागते, हेही विसरता येत नाही.

जागतिक मूकपटाशी थोडी तुलना येथे उपयुक्त ठरेल. जर्मन दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच यांच्या ‘द डॉल’ (१९१९) मध्ये लग्नाला घाबरणारा तरुण यांत्रिक बाहुलीशी लग्न करावयास निघतो, परंतु बाहुलीच्या जागी बाहुली करणाऱ्याची मुलगीच उभी राहते. तेथे वस्तूच्या जागी स्त्री येते. सुरेखेच्या कथेत स्त्रीच्या जागी राक्षस येतो. दोन्ही ठिकाणी नवरदेवाला फरक कळत नाही. दोन भिन्न संस्कृतींत, जवळजवळ एकाच काळात, मूकपटाने विवाहसंस्थेवर घेतलेला आक्षेप सारखाच आहे. वधूकडे पाहिलेच जात नाही, हा तो आक्षेप होय.

पडद्यामागील वेषांतर

या चर्चेला एक पडद्यामागील बाजू आहे. ‘सैरंध्री’मध्ये बाबूराव पेंटर यांनी स्त्रीभूमिकांसाठी स्त्रियांनाच घेतले. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या त्या अभिनेत्री होत. पडद्यासाठी त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी ही नावे देण्यात आली. ज्या समाजात चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रीला प्रतिष्ठा नव्हती, त्या समाजात ‘बाई’ची ‘देवी’ होणे हे एक वेषांतरच होते. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स या ‘सुलोचना’ झाल्या आणि अंबू ही ‘ललिता पवार’ झाली. स्वतः बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री होते, परंतु त्यांच्या नावातील बदल कलेचा गौरव सांगतो. अभिनेत्रींच्या नावांतील बदलाला मात्र लोकापवादाची किनार होती. सैरंध्रीचे सोंग घेणाऱ्या द्रौपदीची भूमिका अशा काळात केली गेली, की ती करणाऱ्या स्त्रीलाही स्वतःच्या नावाचा अज्ञातवास पत्करावा लागला.

पुढील काही वर्षांत यात बदल झालेला दिसतो. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) मध्ये सुलोचना यांनी आठ वेगवेगळी रूपे घेतली आणि त्यांत पुरुषांची रूपेही होती. १९३६ मध्ये त्याची बोलपट आवृत्ती ‘बंबई की बिल्ली’ या नावाने आली. येथे वेषांतर कोणी आप्त करीत नाही, नायिका स्वतः करते. निजलेल्या सुरेखेपासून आठ रूपे घेणाऱ्या नायिकेपर्यंतचे अंतर अवघे सहा वर्षांचे आहे. परंतु पौराणिक मंडपातून बाहेर पडून शहराच्या रस्त्यावर आल्यानंतरच नायिकेला हे स्वातंत्र्य मिळाले, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

समारोप

‘सुरेखाहरण’चे कथानक पुढेही टिकून राहिले. १९४९ मध्ये दत्ता धर्माधिकारी यांनी ‘मायाबाजार’ काढला आणि १९५७ च्या तेलुगू चित्रपटाने ते दक्षिणेत घराघरांत नेले. या टिकाऊपणाचे कारण मायानगरीच्या चमत्कारात शोधण्याची प्रथा आहे. परंतु प्रस्तुत विवेचनावरून ते अन्यत्र असल्याचे दिसते. त्यावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. रुक्मिणी, सुभद्रा आणि सुरेखा या तीन हरणकथांत वेषांतर अनुक्रमे अनुपस्थित, वराकडे आणि वधूच्या जागेवर आढळते. वधूच्या जागी कोणीही बसू शकतो, ही तिसऱ्या कथेतील कल्पना विवाहव्यवहारावरील सर्वांत तीव्र टीका आहे.

२. ‘सैरंध्री’ आणि ‘सुरेखाहरण’ यांत स्त्रीच्या जागी पुरुष ही एकच युक्ती आहे. मात्र पहिल्या कथेत स्त्री योजना आखते आणि दुसऱ्या कथेत ती निद्रिस्त राहते. म्हणून विनोदी कथा अधिक पुरोगामी असते, असे गृहीत धरता येत नाही.

३. वेषांतराचा विनोद पडद्यावर पूर्णत्वाला जाण्यासाठी स्त्रीभूमिका स्त्रीने करणे आवश्यक होते. मूळ रूप समोर आल्यावरच सोंग हे सोंग म्हणून दिसू लागले.

४. कथेतील नायिकेचे वेषांतर आणि अभिनेत्रीच्या नावाचे वेषांतर एकाच सामाजिक दडपणातून आले. त्यामुळे या मूकपटांचा अभ्यास कथेपुरता मर्यादित ठेवणे अपुरे ठरते.

मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात घराणे, रंग, उंची आणि देण्याघेण्याचा हिशेब पाहिला जातो. तिला काय हवे आहे, हे पाहण्याची रीत अजून पुरेशी रुजलेली नाही. लक्ष्मणाच्या पिळवटलेल्या हाताला प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या हसत आला तो या अनुभवामुळे. राक्षसाला वधू समजणाऱ्या वऱ्हाडाची चूक अद्भुत वाटते खरी, परंतु ज्या सवयीतून ती घडते ती सवय अद्भुत नाही. ‘सुरेखाहरण’ची फीत आज पडद्यावर येत नसली, तरी तिने विचारलेला प्रश्न प्रत्येक लग्नमंडपात शिल्लक आहे.